तक्रार निकाली, दोष कायम

घरातल्या दूरसंचाराच्या साधनांविषयी कुरकुर करणे हा नागर जीवनाचा जुना छंद आहे, आणि मुंबईत १८८२ साली पहिले टेलिफोन एक्स्चेंज उघडले गेले त्या वर्षीच खरखरीबद्दलची पहिली तक्रार कोणीतरी गुदरली असेल, असे मानावयास हरकत नाही. तथापि गेल्या दहा-पंधरा वर्षांत घरगुती इंटरनेटच्या बिघाडासंबंधाने जो संताप शहरोशहरी, सोसायटी-सोसायटीत आणि आता गावोगावीही ऐकू येतो, त्याची जात निराळी आहे. पाऊस, रस्त्याचे खोदकाम, उंदीर, माकडे यांपासून होणारा उपद्रव मनुष्य सोसतो; त्यांच्याशी त्याचे वैर नसते. त्याच्या सहनशीलतेचा अंत होतो तो अन्यत्र. आपल्या जोडणीला काय झाले आहे हे ज्याच्या यंत्राला ठाऊक असते तो कधी बोलावयास येत नाही, जो गोड आवाजात बोलतो त्याला काहीच ठाऊक नसते, आणि ज्याच्या हातात दुरुस्तीचे हत्यार असते तो या दोघांपैकी कोणाचाही नोकर नसतो. ही व्यवस्था अशी का झाली आणि कायदा तिच्यापुढे इतका दुबळा का ठरतो, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

ज्यांनी डाक-तार खात्याचा अंमल पाहिला आहे, त्यांना त्या काळच्या विलंबाचे वर्णन करून सांगणे नलगे. टेलिफोनसाठी अर्ज केलेल्या गृहस्थाने वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे, मुलाच्या मुंजीच्या वेळी केलेला अर्ज त्याच्या लग्नाच्या सुमारास मंजूर व्हावा, आणि यंत्र आल्यावर ते पावसाळाभर मुके राहावे, हे मध्यमवर्गीय घरांतून सर्रास चाले. टेलिफोन ही चैनीची वस्तू आहे, ज्यांचे समाधान होत नसेल त्यांनी यंत्र परत करावे, अशा आशयाचे उत्तर तत्कालीन दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत दिल्याची आठवण अजूनही सांगितली जाते. पण त्या बेमुर्वत कारभारातही एक गोष्ट होती. १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवली की ती त्याच एक्स्चेंजच्या दप्तरात पडे, आणि त्या दप्तरातला लाइनमन हा आळीतल्या सर्वांना नावाने माहीत असलेला, त्याच खात्याचा पगारी इसम असे. तो उशिरा येई, दिवाळीची पोस्त मागे, क्वचित मुद्दाम हेलपाटे घालावयास लावी. परंतु कसूर कोणाची याविषयी कोणाच्याही मनात संदेह नसे.

१९८६ साली मुंबई आणि दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम निघाले, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. टेलिफोनच्याच तारेवरून मोडेम किंचाळत जोडला जाई, अर्ध्या वाटेत तुटे, आणि त्या वेळी घरात कोणी फोन उचलला तर सारेच मुसळ केरात जाई. प्रारंभीचे महिने इतके वाईट गेले की निगमाचे तत्कालीन प्रमुख बी. के. सिंगल यांनी आपल्या तयारीत चूक झाल्याची कबुली उघडपणे दिली होती. इतकी सरळ कबुली त्यानंतरच्या तीस वर्षांत या धंद्यातल्या कोणा वरिष्ठाकडून ऐकावयास मिळाल्याचे निदान प्रस्तुत लेखकाच्या स्मरणात नाही. पुढे २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हे ब्रॉडबँडचे किमान माप ठरवले, ते २०१३ मध्ये ५१२ झाले आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटांवर गेले. तांब्याच्या जोडतारेवरून चालणारी ही सेवा पावसाळ्यात रस्त्यावरच्या पिलर बॉक्समध्ये पाणी शिरले की हमखास आजारी पडे, आणि तारेच्या सांध्यांवर चढलेली हिरवी पुटे खरवडणारा जोडारी हा तिचा वैद्य असे.

याच सुमारास दुसरा एक पंथ गच्च्यागच्च्यांवरून पसरत होता. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी उपग्रहवाहिन्या दाखवण्याच्या निमित्ताने जो केबलवाला मुंबई-पुण्याच्या इमारतींवर चढला, तो पुन्हा खाली उतरलाच नाही. त्याच्याकडे परवान्यापेक्षा ओळखी अधिक होत्या, आणि एका गच्चीवरून समोरच्या गच्चीवर तार फेकण्याचे कसब होते. दूरचित्रवाणीच्या तारेबरोबर त्याने इंटरनेटचीही तार फेकली, गच्चीवर पत्र्याच्या पेटीत एक स्विच ठेवला, आणि त्या स्विचला वीज कोणाच्या मीटरवरून घ्यावयाची या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर पुष्कळ सोसायट्यांचे इंटरनेट अवलंबून राहू लागले. आजच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या झगमगीत जाहिरातींमागे शेवटच्या दोनशे मीटरांत बहुधा हाच माणूस, किंवा त्याचा वारस, अजून उभा आहे. २०२४ च्या अखेरीस देशात तारेने जोडलेले ब्रॉडबँडचे ग्राहक सुमारे चार कोटी होते. भ्रमणध्वनीवरच्या ग्राहकांशी तुलना करता हा आकडा लहान आहे; पण घरी बसून नोकरी करणारा, मुलांचे वर्ग पाहणारा, आजारी आईवडिलांचे अहवाल मागवणारा जो वर्ग, तो प्रामुख्याने या चार कोटींत आहे.

आता तांबे मागे पडून काचेचा तंतू घरात आला आहे, आणि त्याच्याबरोबर बिघाडाचे स्वरूपही पालटले आहे. या विषयावर थोडे रेंगाळणे इष्ट आहे, कारण तक्रारीचा अर्धा गोंधळ येथील अज्ञानातून उत्पन्न होतो. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत विभाजकातून जातो आणि त्याच्या बत्तीस, क्वचित चौसष्ट शाखा होतात. धरणाच्या मुख्य कालव्यातून निघालेले पाणी पोटपाटांनी शेतोशेती जावे तसा तो एकच प्रकाश बत्तीस घरांत वाटला जातो. वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश थोडा येतो, आणि त्यातही प्रत्येक सांधा, प्रत्येक जोड, प्रत्येक वाकण आपापला कर वसूल करते. हा उरलेला प्रकाश डीबीएम नावाच्या उणे अंकांत मोजतात. घरातल्या पेटीला उणे वीस-बावीस इतका मिळाला तर सर्व सुरळीत चालते. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला की नेहमीच्या पेट्यांना दिसेनासे होते. दहा अंकांचा फरक म्हणजे प्रकाश एकदशांश, हे ध्यानात घेतले की ‘सकाळी चालते, संध्याकाळी जाते’ या सर्वांत छळणाऱ्या बिघाडाचे एक मोठे कारण उमजते: जोडणी तुटलेली नसते, ती सीमेवर रेंगाळत असते, आणि उन्हाने, ओलाव्याने किंवा वाऱ्याने तार किंचित हलली की अलीकडे-पलीकडे करते. असा दोष तपासणीच्या वेळी नेमका गायब होतो आणि ग्राहक खोटा पडतो.

कोथरूडातल्या एका जुन्या सोसायटीच्या गच्चीवर हे मी जवळून पाहिले. ऐन श्रावणातल्या सरी नुकत्याच थांबल्या होत्या. पाठीवर पिशवी अडकवलेला विशी-बाविशीचा तरुण पाण्याच्या टाकीशेजारी उकिडवा बसून काळ्या डब्यातली तार उलगडत होता. त्याने हिरव्या टोकाचा जोड स्पिरिटने पुसला, खिशातले पिवळे मीटर लावले आणि म्हणाला, “काका, पॉवर उणे एकतीस येतीये. वीस-बावीस पाहिजे.” मग तारेच्या दुसऱ्या टोकाला त्याने लाल प्रकाशाची बॅटरी लावली, तेव्हा टाकी धुणाऱ्यांनी शिडी ठेवण्यासाठी तारेला पाइपाशी बाइंडिंग वायरने जेथे आवळले होते, तेथे आवरणातून तो लाल प्रकाश रक्तासारखा झिरपताना दिसला. तेवढा तुकडा त्याने कापला, केसाइतका काचेचा तंतू सोलून नीट छाटला, सांधणीच्या यंत्रात दोन टोके समोरासमोर ठेवली, यंत्राच्या इवल्या पडद्यावर ती एकमेकांना भेटली, ठिणगी उडाली, वर नळी चढवून ती गरम केली, आणि मीटर उणे एकवीसवर आले. हातसफाईचे आणि समाधानाचे काम होते ते. “हे तुमच्या ऑफिसला खाली बसून आधीच कळत नाही का?” असे विचारल्यावर तो हसला. “त्यांना दिसतं की. पण माझ्या फोनवर फक्त ‘नेट बंद’ एवढंच येतं.”

त्या तरुणाचे हे वाक्य या संपूर्ण विषयाची किल्ली आहे, आणि ते तंत्रदृष्ट्या अक्षरशः खरे आहे. घरातली पेटी आपल्याला किती प्रकाश मिळतो हे केंद्रातल्या यंत्राला कळवू शकते, आणि ती व्यवस्था या तंत्राच्या आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. इतकेच नव्हे, तर घरची वीज गेली तर विझता विझता एक अखेरचा संदेश पाठवण्याची सोय तिच्यात असते. अर्थात वीज गेली की प्रकाश गेला, एका घराची तार तुटली की बत्तीसही घरे एकदम अंधारात गेली, हे भेद ग्राहकाने फोन उचलण्यापूर्वीच कंपनीच्या दप्तरी नोंदले जाण्यास तांत्रिक प्रत्यवाय असा नाही. असे असता, ज्या गृहस्थाच्या पेटीवर एलओएसचा तांबडा दिवा लुकलुकत आहे, म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही, त्याला “सर, एकदा राउटर बंद करून तीस सेकंदांनी चालू करा” असे सांगितले जाते. हे सांगणे अज्ञानाचे नाही; हे कामाच्या वाटणीचे फलित आहे.

न्यायबुद्धीने सांगावयाचे तर त्या पहिल्या प्रश्नाची इतकी टर उडवण्याचे कारण नाही. पेटी बंद करून चालू केल्याने पुष्कळ तक्रारी खरोखर मिटतात. कित्येक तक्रारी तर कंपनीच्या हद्दीतल्या नसतातच. स्वयंपाकघर आणि शेवटची खोली यांच्यामध्ये दोन आरसीसी भिंती आणि एक गोदरेजचे कपाट उभे असताना वायफायने तेथपर्यंत निर्विघ्न पोहोचावे ही अपेक्षा वाजवी नव्हे, आणि पैसे मात्र शंभर मेगाबिटांचे दिले, असे म्हणणाऱ्याने एकदा संगणक तारेने जोडून वेग मोजून पाहावा. तंटा आहे तो पहिल्यांदा विचारण्याविषयी नाही. एकाच तक्रारीच्या चौथ्या फोनवरही तोच प्रश्न, त्याच क्रमाने, पूर्वीची कैफियत जणू कधी झालीच नाही अशा निष्पाप स्वरात विचारला जातो. प्रत्येक वेळी नवा कारकून, नवी पडताळणी, नोंदणीकृत क्रमांकावर नवा ओटीपी, आणि मराठीसाठीचे बटण दाबूनही पुष्कळदा समोर हिंदीच. त्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कोणत्या तरी शहरात, दुसऱ्याच कंपनीच्या पगारावर, पाळीत किती फोन घेतले आणि सरासरी किती मिनिटांत संपवले या हिशेबावर त्याची नोकरी टिकून असते. तारा कोणत्या गच्चीवरून जातात हे त्याला दिसत नाही, माणूस धाडण्याचा अधिकार त्याला नाही, आणि “संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, मॅडम” हे वचन देताना ते पाळणे कोणाच्या हाती आहे याचीही त्याला कल्पना नसते. नम्रता मात्र त्याच्याकडून अमाप वसूल केली जाते, आणि माझ्या मते ग्राहकाला सर्वांत अधिक चीड येते ती या सक्तीच्या नम्रतेचीच. अधिकारशून्य माणसाने वारंवार मागितलेली क्षमा ऐकून घेण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

फोनवरून निघालेली तक्रार पुढे कोठे जाते? ती कंपनीकडून विभागाच्या ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून त्या पेठेतल्या केबलवाल्याकडे, आणि त्याच्याकडून दर जोडणीमागे किंवा दर सांध्यामागे पैसे मिळणाऱ्या पोराकडे जाते. नवी जोडणी केली तर हातात चार पैसे अधिक पडतात. जुनी दुरुस्त करण्यात दिवस मोडतो. सांधणीचे यंत्र महाग, म्हणून ते तीन-चार भागांत मिळून एक, आणि पावसाळ्यात त्यालाच सर्वांत अधिक मागणी. यामुळे जी सबब सांगितली जाते ती बहुधा खरी असते, फक्त ती ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो भ्रमणध्वनीवरचा संदेश: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कधी माणूस येण्यापूर्वीच, कधी ‘ग्राहकाने फोन उचलला नाही, सबब बंद’ अशा शेऱ्यासह. ग्राहक पुन्हा फोन करतो, पुन्हा नवा क्रमांक मिळतो, आणि मुदतीचे घड्याळ पहिल्यापासून सुरू होते. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी असाच एक दोष पावसाळाभर नांदला. कागदोपत्री तो दरवेळी दोन दिवसांत दुरुस्त झालेला होता, आणि कंपनीच्या तिमाही तक्त्यात त्या बाई बहुधा समाधानी ग्राहकांतच मोजल्या गेल्या असतील.

हा तक्त्याचा प्रश्न कायद्याशी येऊन भिडतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ च्या अधिनियमाने स्थापन झाले, आणि ब्रॉडबँडच्या गुणवत्तेसंबंधीचे त्याचे पहिले विनियम २००६ सालचे. त्यांत बिघाडांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत आणि नव्याण्णव टक्के तीन कामाच्या दिवसांत दूर व्हावेत असा दंडक होता. तक्रारीचा फोन साठ आणि नव्वद सेकंदांत किती टक्के उचलला जावा याचेही प्रमाण होते. बिघाड तीन कामाच्या दिवसांहून अधिक रेंगाळला तर सात दिवसांच्या, सातांहून अधिक झाल्यास पंधरा दिवसांच्या, आणि पंधरांच्या पुढे गेल्यास एका महिन्याच्या भाड्याइतकी सूट द्यावी, अशी तरतूदही त्यांत होती. कागदावर ही व्यवस्था आजही वाचावयास उत्तम वाटते. पण महिन्याला सहाशे रुपये भाडे धरले तर सात दिवसांचे एकशे चाळीस रुपये होतात. तेवढ्यासाठी भांडणारा ग्राहक विरळा, आणि अशी सूट असते हे ठाऊक असणारा त्याहून विरळा. शिवाय टक्केवारी ही समूहाची असते. नव्याण्णव टक्के पुरे केल्यावर उरलेल्या एका टक्क्यात ज्याचे घर आहे, त्याच्याविषयी या किरकोळ सुटीपलीकडे विनियम काहीच बोलत नव्हते. फोन किती सेकंदांत उचलला हे मोजले गेले. उचलल्यावर काय साधले हे मोजण्याची तजवीज झाली नाही. जे मोजले जाते ते सुधारते, आणि जे मोजले जात नाही त्याच्याच खर्चाने सुधारते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून या विषयावरचे नवे, एकत्रित विनियम लागू झाले. त्यांनी दंडाची रक्कम प्रमाण चुकल्यास पन्नास हजारांवरून एक लाखावर आणि पुढे चढत्या श्रेणीने नेली, तारेवरच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांच्या पुढे गेला तर ग्राहकाला भरपाई देण्याचे बंधन घातले, आणि संपूर्ण जिल्ह्याची सेवा चोवीस तासांहून अधिक बंद पडल्यास त्या दिवसांचे भाडे परत करावयास लावले. पाऊल योग्य दिशेचे आहे यात शंका नाही. तीन दिवस कोणत्या क्षणापासून मोजावयाचे, आणि मधल्या काळात कंपनीने तक्रार एकतर्फी बंद केली तर काय, ही जुनी फट मात्र व्यवहारात किती बुजेल, हे पाहावयाचे आहे.

व्यक्तिगत दाद मागण्याचा मार्ग याहून अवघड आहे. पुष्कळ लोक चिडून ट्रायकडे पत्र धाडतात; पण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करणे हे ट्रायचे काम नव्हे, आणि दूरसंचार न्यायाधिकरणाच्या कक्षेतूनही ग्राहकाची एकट्याची फिर्याद अधिनियमानेच वगळली आहे. २०१२ च्या तक्रारनिवारण विनियमांनी दोन पायऱ्या ठेवल्या. पहिली तक्रारकेंद्राची: तेथे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळालाच पाहिजे. दुसरी अपीलाची: समाधान न झाल्यास तीस दिवसांत विनाशुल्क अपील करावे आणि त्याचा निर्णय एकोणचाळीस दिवसांत व्हावा. अपील ऐकणारा अधिकारी मात्र त्याच कंपनीचा. त्याच्या सल्लागार समितीत ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी बसवून थोडी लाज राखली आहे. तरी ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याच चावडीवर न्याय, ही रचना पाटीलकीच्या काळातही कोणी आदर्श म्हणून सांगितली नसती.

ग्राहक न्यायालयाचे दार तर बारा वर्षांहून अधिक काळ किलकिलेच होते. १ सप्टेंबर २००९ रोजी एम. कृष्णन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार अधिनियमातील लवादाच्या कलमावर बोट ठेवून, टेलिफोनसंबंधीचे वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत असा निर्णय दिला, आणि कंपन्यांच्या वकिलांना तो पुढे अनेक वर्षे ढालीसारखा उपयोगी पडला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी अजयकुमार अगरवाल यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ग्राहक आयोगांचा अधिकार निःसंदिग्धपणे मान्य केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमामुळे आता तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी विनाशुल्क, आणि घरबसल्याही फिर्याद दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर फोन केल्यास पुष्कळदा कंपनीला अचानक स्मरण होते, हा अनेकांचा अनुभव. पण बंद पडलेल्या जोडणीसाठी जिल्हा आयोगात तारखा मोजणे म्हणजे आजारी माणसाला वारसा-हक्काचा सल्ला देण्यासारखे आहे. त्याला आज संध्याकाळी नेट हवे असते.

याच कारणाने ट्रायने २००४ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१७ मध्ये दूरसंचारासाठी स्वतंत्र लोकपालाची शिफारस केली होती. बँकांना असा लोकपाल १९९५ पासून आहे, विम्याला १९९८ पासून. ऑस्ट्रेलियात दूरसंचाराचा लोकपाल १९९३ पासून काम करतो. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणातही लोकपालाचा उल्लेख आला, आणि तेथेच तो विसावला. ब्रिटनने १ एप्रिल २०१९ पासून निराळीच युक्ती केली. मोठ्या कंपन्यांनी स्वेच्छेने स्वीकारलेल्या योजनेनुसार सेवा बंद पडून दोन पूर्ण कामाचे दिवस उलटले की दररोज ८ पौंड, आणि ठरल्या वेळी तंत्रज्ञ आला नाही तर २५ पौंड ग्राहकाच्या बिलात आपोआप जमा होऊ लागले. हे दर पुढे महागाईप्रमाणे वाढवलेही गेले. यातला ‘आपोआप’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ग्राहकाने अर्ज करावा, पुरावा जोडावा आणि कारकुनाची मर्जी सांभाळावी ही अट काढून टाकली की दुरुस्तीचा विलंब कंपनीच्याच हिशेबात खर्च म्हणून उतरतो, आणि मग सांधणीचे यंत्र तीन भागांत एक ठेवावे की तीन, याचा विचार वरच्या मजल्यावर होऊ लागतो. ब्रिटिश ग्राहक त्यानंतर कुरकुर करावयाचे थांबले आहेत असे कोणी समजू नये.

शहराबाहेर प्रश्नाचे रूप बदलते, त्याविषयी थोडक्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत वीज आणि दूरसंचार दोन्ही दीर्घकाळ कोलमडले, आणि तो काळ टाळेबंदीचा, शाळा पडद्यावर भरण्याचा होता. तेथे तक्रारकेंद्राची नम्रता वगैरे प्रश्न उद्भवतच नव्हते. भारतनेट या सरकारी योजनेचा तंतू ग्रामपंचायतीपर्यंत आला तरी तेथून घरापर्यंतचे काम आणि देखभाल कोणाची हे अनेक ठिकाणी अनिर्णितच राहते. आणि एका खांबावर वीज, केबल आणि फायबर यांचा त्रिवेणी संगम झाला की झाड पडल्यावर प्रथम कोणी चढावयाचे, यावरच दोन दिवस जातात. शहरांत हीच अनवस्था जमिनीखाली आहे. जलवाहिनीसाठी खोदणारा ठेकेदार तंतू तोडतो, त्याला तो कोणाचा हे ठाऊक नसते आणि विचारण्याची सवय नसते. खोदण्यापूर्वी सूचना देण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक ॲप काढले आहे. ते जेसीबीच्या चालकाच्या खिशापर्यंत पोहोचावयाचे आहे.

लोकपाल येईपर्यंत ग्राहकाने हातात काही ठेवावयाचे तर ते कागद. तांबड्या दिव्याचे वेळेसह छायाचित्र, प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, ‘निकाली’ म्हणून आलेला संदेश आणि त्याच वेळी बंद असलेल्या पेटीचे चित्र, आणि फोनपेक्षा लेखी पत्रावर भर, एवढ्या सामग्रीवर अपील बरेचदा सुनावणीपूर्वीच सुटते. आपल्या पेटीला उणे किती प्रकाश मिळतो हे विचारावयास शिकणे हाही एक उपाय आहे. तो आकडा उच्चारला की पलीकडचा आवाज बदलतो आणि फोन दुसऱ्या टेबलाकडे जातो. बाकीची पुष्कळशी दुरुस्ती सोसायट्यांच्या स्वाधीन आहे. जिन्यातून तारांसाठी बंद नळी, गच्चीवरच्या पेट्यांवर नावे, रंगाऱ्यांना आणि टाकी धुणाऱ्यांना ताकीद, आणि एका कंपनीला मक्ता देण्याऐवजी दोघांना प्रवेश, यांस खर्च फारसा नाही आणि ट्रायच्या परवानगीची जरुरी तर मुळीच नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत मात्र हा मुद्दा स्वतंत्र क्रमांकाने येत नाही. वाहनतळ, गळती, लिफ्टचा करार आणि थकबाकीदारांची यादी आटोपल्यावर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शीर्षकाखाली कोणीतरी तो काढतो, आणि तोपर्यंत गणसंख्या बटाटेवड्यांच्या टेबलाकडे गेलेली असते.